सहा पोरींचा मामा

वारंगा फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स साडेपाचला येते असं सांगतात आणि ती साडेसहाला येते. त्या एका तासात माझ्या मायनं मला तीनदा विचारलं, "सगळं घेतलं ना बराबर?" आणि तिन्ही वेळा मी बॅग न उघडताच हो म्हणालो. बाबा हॉटेलच्या बाकड्यावर बसून चहा पीत होते. माझ्याकडे बघत नव्हते. गाडी दिसली तेव्हा उठले, बॅग स्वतः डिकीत टाकली आणि म्हणाले, "लेकरं शिकून गेली म्हणून मास्तर त्यांच्या मागं जातो व्हय?"

मी हसलो. उत्तर सुचलं नाही म्हणून हसलो होतो, आणि अडीच वर्षं होत आली तरी ते सुचलेलं नाही. गावात, डोंगरकड्यात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आणि माझ्याआधी पुण्यात गेलेल्या माझ्या खो-खोच्या पोरींना म्हणूनच हे लिहितोय. निदान गोंधळ तरी नीट सांगावा.

डोंगरकड्याच्या हायस्कूलात मी आठ वर्षं पीटीचा मास्तर होतो. शाळेमागचं ग्राउंड, एका बाजूला केळीच्या बागा, दोन खांब आणि खो-खो. मुलींची टीम विभागापर्यंत गेली आणि त्यातल्या सहाजणींना बारावीनंतर पुण्याच्या एका कॉलेजात खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले. पोरी जूनमध्ये गेल्या, जुलैत मी निघालो. गावाला सांगितलं, पोरींकडं लक्ष द्यायला चाललोय. खरं म्हणजे सुनीताला, माझ्या बायकोला, तिथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि मलाही एका खाजगी शाळेत कोचची जागा मिळत होती. शिवाय आपल्या पोरी मोठ्या मैदानावर कशा खेळतात ते बघायची खाज होतीच. चारही कारणं खरी होती. मी त्यातलं सगळ्यात मानाचं तेवढं सांगितलं.

पुण्यात पोचल्यावर पहिलं काम हॉस्टेलचं निघालं. मुलीला सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं असेल, गावी जायचं असेल, तर स्थानिक पालकाची सही लागते. स्थानिक पालक नातेवाईकच हवा. सहाही जणींचं पुण्यात कोणी नव्हतं. मग फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी सहा वेळा 'मामा' लिहिलं. आमच्याकडे गावातला कोणताही बापया कोणाचा ना कोणाचा मामा असतोच, त्यामुळे आपण काही खोटं लिहितोय असं मला वाटलंसुद्धा नाही. रेक्टर बाईंनी फॉर्म पुढे-मागे केले. म्हणाल्या, "सहा भाच्या, सहा आडनावं. बहिणी किती आहेत हो तुम्हाला?" मी म्हणालो, "मॅडम, गाव मोठं आहे." त्या हसल्या आणि शिक्का मारला. पोरी पुढं कितीतरी दिवस मला मुद्दाम मामा म्हणून हाक मारायच्या. एकटी पल्लवी तेवढी सरच म्हणायची.

पल्लवी म्हणजे केळीवाल्या गणपतरावांची धाकटी. सहाजणींत सगळ्यात चांगली पळायची. गावाकडे ती आत उतरली की समोरच्या टीमचा दम निघायचा. खांबापाशी वळायची तिची एक पद्धत होती आणि ती पद्धत माझी होती. अनवाणी पायाची बोटं मातीत रोवायची, सगळा भार त्या बोटांवर घ्यायचा आणि गर्रकन फिरायचं. हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी माझ्या डोक्यानं बसवलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

पुण्यात खो-खो मॅटवर, पायात बूट. बुटात बोटं कुठं रोवणार? पहिल्या महिन्यात सहाही जणी घसरल्या. बाकीच्या पाच हळूहळू मॅटवरचं वळण शिकल्या. पल्लवीला ते जमेना. खांब जवळ आला की तिचा पाय आपोआप माती शोधायचा आणि ती पडायची. जिनं माझं सगळ्यात मनावर घेतलं होतं, नेमकं तिलाच ते विसरता येईना. पहिलं वर्ष ती राखीव खेळाडूंत बसली, दुसऱ्या वर्षीही तिथंच. त्यांचे कॉलेजचे कोच मला एकदा म्हणाले, "तुमच्याकडच्या मुली चपळ असतात, पण आधी त्यांना सगळं विसरायला लावावं लागतं." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. मी मान डोलावली, घरी आलो आणि जेवलो नाही.

आणि माझी गंमत बघा. त्याच काळात मी माझ्या शाळेतल्या पुणेरी पोरांना पहिल्या दिवसापासून बुटातलं वळण शिकवत होतो. ती पोरं "सर, वॉटर ब्रेक?" विचारतात, त्यांच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि त्यावर मला अंगठे येतात. मी चांगला कोच आहे असं तिथं सगळे म्हणतात. मग डोंगरकड्यात आठ वर्षं मी कोण होतो?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका रविवारी दुपारी पल्लवी आमच्या घरी आली. हातात हॉस्टेल सोडायचा फॉर्म होता.

"सर, सही पाहिजे. हिंगोलीच्या कॉलेजात नाव घालते."

"काहून?" पुण्यात माझ्या तोंडून एरवी 'का' निघतं. त्या दिवशी जुनाच शब्द आला.

"इथं मी कोणीच न्हाई, सर."

मी म्हणालो, फॉर्म ठेवून जा, बघतो. ती गेल्यावर गणपतरावांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, मामा म्हणून तुमची सही हाय. आमाला तिथलं काय कळतं? तुमी म्हणसाल ते बराबर." एवढा भरवसा टाकला त्या माणसानं. आणि मी काय केलं? दोन दिवसांनी पल्लवीला सांगितलं, तुझे बाबा नको म्हणतायत. सरळ सरळ खोटं बोललो. मला वाटत होतं, अजून एक वर्ष मिळालं तर तिचं वळण मी दुरुस्त करीन. मी मोडलेलं मीच जोडीन. फॉर्म पंधरा दिवस कपाटात पडून होता.

बापलेकीचं बोलणं होणारच होतं आणि ते झालं. पल्लवी परत आली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सर, आमी जिंकलो की तुमी म्हणायचे, माझ्या पोरी. मी बसून राहिले ती कोणाची?" मग जरा थांबून म्हणाली, "मला अडवून राहिले ते माझ्यासाठी का तुमच्यासाठी?"

सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, कपाटातून फॉर्म काढला. मी सही केली. नात्याच्या रकान्यात पुन्हा एकदा मामा लिहिताना लाज वाटली. सकाळच्या एसटीत मीच तिला बसवून दिलं. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी मागं सरकलो. त्यानंतर तिनं मला ना फोन केला, ना मेसेज.

मग एक दिवस माय फोनवर म्हणाली, "तुझी ती पल्लवी ग्राउंडवर शिट्टी वाजवून राहिली रोज सकाळी." माझ्या जागी शाळेला अजून कोणी मिळालेलं नव्हतं. पल्लवी कॉलेजला जायच्या आधी पोरींना घेऊन उतरत होती. ऐकून आनंद झाला आणि पोटात जळलंसुद्धा. दोन्ही एकदम कसं होतं, मला ठाऊक नाही.

या दिवाळीला घरी आलो. बाबांनी फाट्यावरचा प्रश्न पुन्हा विचारला नाही, ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राउंडवर गेलो. पल्लवीनं मला लांबूनच पाहिलं. "या," म्हणाली. सर नाही, काही नाही, नुसतं या. पोरींच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. निम्म्या बुटात, निम्म्या अनवाणी.

"कसं वळायला शिकवतेस?" मी विचारलं. विचारायचा हक्क होता की नाही, देव जाणे.

"दोन्ही शिकवते. मला कुठं ठावं हाय, कोणती पोरगी कुठं जाईल!"

आठ वर्षांत मला हे का सुचलं नव्हतं?

एक बारकी पोरगी माझ्याकडे टकमक बघत होती. "तुमी कोण्या गावचे?" तिनं विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पुण्याहून आलोय." जिथं मी स्वतःच्या हातानं खांब रोवले, तिथं उभा राहून! पल्लवी मान न वळवताच म्हणाली, "आपल्याच गावचे हायत गं ते. इथलेच सर हायत."

तुम्ही फोनवर विचारता, परत येणार ना? पुण्यातल्या पोरी विचारतात, सर, तुम्ही इथंच राहणार ना? दोघांनाही मी हो म्हणतो. सुनीताची नोकरी पुण्यात, माय-बाबा इथं आणि मी दोन्हीकडे पाहुण्यासारखा वागतो. पुण्यात ग्राउंडची आठवण येते आणि ग्राउंडवर उभं राहिलं की शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला का ते बघतो. घर कोणतं म्हणाल तर सांगता येत नाही.

त्या सकाळी एक पोरगी कमी होती. पल्लवी म्हणाली, "बसा तिच्या जागी." मी गुडघे मोडून पाठलाग करणाऱ्यांच्या रांगेत बसलो. पाठीवर थाप पडली आणि कानाशी पल्लवीचा आवाज, "खो!" मी उठलो. उजवीकडे पाऊल टाकलं, मग वाटलं डावीकडे, वळलो. एकदा घेतलेली दिशा बदलायची नाही हा या खेळातला पहिला धडा. कितीक वर्षं मीच तो घसा कोरडा करून सांगितला होता.

"फाऊल!" दहा-बारा पोरी एकदम ओरडल्या. त्या बारकीला तर उभं राहवेना इतकी ती हसत होती. आणि पल्लवी कमरेवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत म्हणाली, "सर, हे काय वो, सर!"

मीही हसलो, रडलोसुद्धा असेन. पण तिनं मला सर म्हटलं होतं, तेही दोनदा.