सासूबाईंनी आज डॉक्टरांना विचारलं

मंडळी, वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं की नाही, यावर आमच्या देऊळघाटच्या घरात तीन महिने वाद चालू होता. माझी शुगर वाढलेली, झोपेत श्वास अडकतो. सासूबाईंचं मात्र एकच, "चालत्या-बोलत्या माणसानं पोट काऊन कापून घ्याव?"

आज त्या हट्टाने दवाखान्यात सोबत आल्या. मला वाटलं, आता डॉक्टरांशीही भांडणार.

पण त्या म्हणाल्या, "सायेब, माहा पोरगा नोकरीले बाहेरगावी. रोज मीच उठून हिचा श्वास पायतो. ऑपरेशन झाल्यावर मले झोप लागन का?"

त्या जागतात, हे मला माहीतच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांना फरक पडतो, आजी. पण धोका अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. आणि जन्मभर थोडंथोडंच खावं लागेल."

बाहेर येताच सासूबाई म्हणाल्या, "करून घे. मी हावो ना संगं."

तपासण्यांची तारीख घेऊन आलोय. भीती वाटतेच, पण आता ठरलं.

तुमच्यापैकी कोणी हे ऑपरेशन केलंय का? पहिला महिना जेवणाचं कसं जमवलं? सांगा लवकर, सासूबाई शेजारीच बसल्यात उत्तरं ऐकायला.