हात केला की थांबणारं यंत्र

“त्याले माहा हात दिसते वो!” कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात उभ्या असलेल्या शांतामावशींनी शेजारणीला सांगितलं. त्यांच्यापुढे चार पावलांवर पिकातलं तण काढणारं बिनचालक डवरणीयंत्र थांबलं होतं. त्यांनी हात वर केला की ते थांबवणारी मीच होते. मचाणावर गोणपाटाच्या आडोशाला रिमोट घेऊन बसलेली. बायकांना वाटायचं, मी फोटो काढते.

ही कल्पना रेणुकाताईंची. चालक नसलेल्या यंत्राशी माणसं कशी वागतात, हा त्यांचा पीएचडीचा विषय. त्यासाठी त्या अमरावतीहून तेल्हाऱ्याजवळच्या या शेतात यायच्या. खरं यंत्र अजून तयार व्हायचं होतं, तोवर हे सोंग. त्या वर्षांत गावोगाव बैलजोड्या विकल्या जात होत्या. निंदणाऱ्या बायकांना यंत्राचं कौतुक होतं, आणि धाकही.

ताईंच्या केसांत कायम पेन्सिल खोचलेली. बायकांनी भाकरीचं फडकं सोडल्याशिवाय त्या स्वतःचा डबा उघडायच्या नाहीत. “आधी माणूस, मंग मशीन,” हे त्यांचं पालुपद. मी त्यांची मदतनीस, इंग्रजी शाळेत शिकलेली. एकदा शांतामावशींना मी “भोजन केलं का?” असं विचारलं, तेव्हा सगळ्या खो-खो हसल्या. ताई म्हणाल्या, “हसू द्या. पोरगी बोलून तं राह्यली!” त्या दिवसापासून त्या म्हणतील ते मी करत गेले. शेवटच्या दिवशी बायकांना सगळं खरं सांगू, असा त्यांचा शब्द होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी वह्या जीपमध्ये टाकल्या.

“ताई, सांगायचं राहिलं.”

“नाही सांगायचं. पुढच्या महिन्यात खरं मशीन येते. तवा या बायकायचा भरोसा किती टिकते, ते पाह्यचं आहे मले.”

“पण त्याला हात कळत नाही.”

“मी बंद करीन ना वेळेवर. तू कावून भेतं?”

केसांतली पेन्सिल काढून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझं बोलणंही त्यांनी टिपून घेतलं असावं.

निरोप द्यायला बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आल्या होत्या. शांतामावशी नव्या सुनेला बंद यंत्रासमोर उभं करून शिकवत होत्या, “असा हात करजो. भेऊ नको, थांबते ते.”

जीप सुरू झाली. ताईंनी दोनदा हाक मारली. मी चढले नाही.

“मावशी, ते मशीन तुमाले पाहत नव्हतं,” मी म्हणाले. “मचाणावरून मी पाहून राह्यली होती.”