लाल न झालेल्या ओळी

चहा उभ्यानंच प्यायचा, कीबोर्डला हात लावण्याआधी ते पँटला पुसायचे, संगणकाशी पुटपुटत भांडायचं. नियाजच्या या सवयी कुपवाडच्या त्या कारखान्यात सगळ्यांना पाठ होत्या. तिथे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडायचे हूक बनत. विजयमालाताई एकेक हूक तपासून संगणकावरच्या तक्त्यात शेरा लिहीत. शेऱ्यात ‘तडा’ हा शब्द सापडला की नियाजची स्क्रिप्ट, म्हणजे त्यानं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, ती ओळ लाल करी आणि तो हूक बाजूला काढला जाई.

त्या दुपारी तक्ता चाळताना त्याचा हात थांबला. एका लाल ओळीखाली अकरा ओळी पांढऱ्याच होत्या. प्रत्येकीत शेरा होता, ‘वरीलप्रमाणे’.

“ताई, हे काय लिवलंय?”

“तडाच की रं. वहीत बी असंच लिवायचे मी. माणसाला कळतंय की!”

“माणसाला कळतंय, स्क्रिप्टला न्हाई. हे हूक कुठं हायेत?”

ताईंचा चेहरा पडला. “कडेगावच्या गाडीत. मघाशीच गेली.”

तिसऱ्यांदा लावल्यावर ड्रायव्हर कृष्णातनं फोन उचलला. “गाडी माघारी फिरव गड्या, आत्ताच्या आत्ता!” नियाज ओरडला.

अकरा हूक परत आले. पण नियाज बसला नाही. त्यानं गेल्या हंगामाचे तक्ते उघडले. ‘वरीलप्रमाणे’ शेऱ्याचे, तडा गेलेले आणखी एकोणचाळीस हूक विकले गेले होते. तो एकेका ट्रॉलीमालकाला फोन लावत गेला. दिवस मावळला तेव्हा तेरा जणांना फोन लागायचा उरला होता, आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या होत्या.