नंदिगड्ड्याच्या टेंबावरची कूक

सरकारच्या पापांवर मी कितीतरी पत्रकं छापली. माझ्या स्वतःच्या पापावर एक ओळ नाही. बायकोला सांगितलं नाही, बरोबर हिंडणाऱ्या मित्रांना नाही. तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही.

आधी कूक म्हणजे काय ते ऐका. जोयड्याच्या या रानात तारघर नाही. कुणावर प्रसंग आला की घरचा माणूस जवळच्या टेंबावर, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर चढतो, तोंडाशी हात धरतो आणि नुसता लांब आवाज काढतो — कूऽऽ. शब्द नाहीत. समोरच्या टेंबावर गावातल्या कुणाची तरी पाळी असते. तो तसाच आवाज परतवतो. परत आला, तरच पहिला बोलतो — आधी गाव, मग काय झालं, मग कोण हवं: वैद्य, सुईण की उचलून न्यायला खांदे. ऐकणारा ते पुढच्या टेंबाला पोचवतो. कूक परत येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा रिवाज.

शब्द आधीच का ओरडत नाहीत, असं मी बाबलोला विचारलं होतं. नंदिगड्ड्याच्या टेंबावर त्या दिवशी त्याची पाळी होती.

"रिकाम्या रानाला घरची गोष्ट कशाला सांगायची?" तो म्हणाला.

मला या सगळ्याचं भारी कुतूहल. आणि संतापही — कारण जंगलखात्याचे शिपाई हीच कूक घालून माणसं वेठीला धरत. साहेबाचं सामान वाहा, शिकारीत हाकारा करा, सगळं फुकट. म्हणून मी बेळगावातून पत्रक छापून आणलं होतं: कूक परतवू नका, परतवली की सापडलात. बाबलोने ते माझ्याकडूनच वाचून घेतलं आणि हसला. "आनि घरात बाय अडली तर तिला ह्ये वाचून दावू व्हय?"

मग तो टेंबामागच्या खोल घळीतल्या झऱ्यावर पाण्याला निघाला. "पाव्हणं, कूक आली तर परतवा. लिव्हणाऱ्याचा गळा कसा हाय त्ये तरी कळंल."

कूक आली.

मी परतवली नाही. खाली साहेबाचा तळ पडला होता. वेठच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं सांगू? मला पाहायचं होतं. उत्तर मिळालं नाही तर माणूस किती वेळ ओरडतो? माझं पत्रक चालतं का? कूक पुन्हा आली. पुन्हा आली. मी कान देऊन बसलो — एखाद्या अनोळखी पाखराचा आवाज ऐकावा तसा. मग ती थांबली, आणि मला आनंद झाला. हो, आनंद.

बाबलो आला. "काय आलं?"

"काही नाही."

ओरडणारा गावातलाच रामा होता. त्याच्या धाकट्या भावाला अस्वलाने फाडलं होतं. वाट पाहून पाहून शेवटी रामा स्वतःच वैद्याकडे धावला. दोघं पोचले तेव्हा भाऊ गेलेला होता.

गाव देवळापुढे बसलं. रामा म्हणाला, मी कूक घातली. बाबलो म्हणाला, टेंबावर पाव्हणं होते, त्यांना इचारा. सगळे माझ्याकडे वळले. मी नकारार्थी मान हलवली. शब्दसुद्धा खर्च करावा लागला नाही.

एक म्हातारा रामाला म्हणाला, "भ्यालास, पोरा. झाडावर चढून बसलास, आनि आता कूक सांगतोस."

रामा माझ्याकडे पाहत राहिला. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याला स्वतःच्याच गळ्याचा संशय आला होता.

रामाच्या भावाच्या मरणावरही मी पत्रक काढलं. खात्याला झोडपलं, शाबासकी मिळवली. इकडे रामाच्या घराची टेंबावरची पाळी गावाने काढून घेतली. भित्र्याच्या घरात मुलगीही कोणी दिली नाही.

त्या सकाळी वारा नव्हता. पहिलीच कूक मला स्पष्ट ऐकू आली. दुसरीत रडणं होतं. असं कुठलाही शिपाई ओरडत नाही, हे मला तेव्हाच, तिथेच कळलं होतं. तिसरी मी ते कळून ऐकली.