हीटर कोण बंद करत होतं?

सुरुवात माझ्या वेंधळेपणापासूनच करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा अंदाज असेल.

भोगीचा दिवस होता. सुनंदा, म्हणजे आमची ही, ओट्यापाशी तिळगुळासाठी गुळाचा पाक करत होती. मला पार्किंगमधल्या हीटरसाठी गॅस सिलिंडर हवं होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत दोन सिलिंडर शेजारी शेजारी असतात, एक चालू आणि एक भरलेलं राखीव. मी रेग्युलेटर काढला, एक सिलिंडर उचललं आणि विजयी मुद्रेनं पार्किंगमध्ये नेलं. मागून आवाज आला, "अहो! चालू सिलिंडर नेलं की काय तुम्ही?"

नेलं होतं. राखीव तसंच तिथं होतं. चालू सिलिंडरला रेग्युलेटर असतो आणि राखीव सिलिंडरला नसतो, हा फरक मला रेग्युलेटर काढतानाही सुचला नाही. मी शाळेत गणित शिकवतो, हे इथं सांगायला नको होतं.

ऐन वेळी शेगडी विझली आणि पाकाचा दगड झाला. सुनंदा मोठ्यानं काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला जास्त भीती वाटते. मी निमूटपणे दुसरं सिलिंडर जोडून दिलं आणि पार्किंगमध्ये सटकलो.

आता मुद्द्याचं. या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी, हे कबूल करतो. भूत, भास, सावली यांवर माझा काडीचा विश्वास नाही. अजूनही नाही... पण आता मी हसत मात्र नाही.

आमचं गारखेड्यात छोटं रो-हाऊस आहे. बिल्डरनं कारसाठी पार्किंग दिलं. कार काही आली नाही, म्हणून मी त्याला शटर लावून तिथं माझा उद्योग थाटला. उद्योग म्हणजे हार्मोनियम दुरुस्ती. भजनी मंडळांच्या फाटक्या भात्याच्या, रुसलेल्या सुरांच्या पेट्या माझ्याकडे येतात. मी पैसे घेत नाही, त्यामुळे तक्रारही कुणी करत नाही.

माझ्यासोबत तिथं नाना बसतात. नाना माझे वडील, वय ऐंशीच्या पुढं. गावाकडं त्यांच्या पेटीशिवाय भजन उभं राहत नसे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि पाय गेला. पेटी सुटली, पण पेटीचा नाद सुटला नाही. मी सूर लावत असलो की ते खुर्चीत डोळे मिटून ऐकतात आणि मधेच म्हणतात, "चढलाय रं. उतरव जरासा." मला काही कळत नाही, पण उतरवतो. मग पेटी बरी वाजते.

यंदा थंडी भलतीच होती. भात्याच्या घड्या चिकटवायला मी अजून जुना सरस वापरतो. तो गरम असेपर्यंतच कामाचा. गारठ्यात ब्रशवरच त्याची जेली होते. शिवाय नानांना थंडी सोसत नाही आणि घरात बसवलं तर ते हिरमुसतात. लग्नाच्या लॉनवर केटरिंग करणाऱ्या माझ्या भाच्यानं त्याच्याकडचा जुना गॅस हीटर आणून दिला. पेटाऱ्याएवढा लोखंडी डबा, खाली चाकं, पोटात सिलिंडर, समोर लालबुंद होणारी जाळी.

लॉनवरचा हीटर. उघड्या आभाळाखाली वापरायचा. हे वाक्य मला आता अगदी स्पष्ट दिसतं. त्या दिवशी मी काय केलं, तर ऊब बाहेर जाऊ नये म्हणून शटर पूर्ण खाली ओढलं आणि खालच्या फटीत जुनी सतरंजी कोंबली. सरसाला वास येतो, सुनंदाला तो सहन होत नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या पॅसेजचं दारही लावून घेतलं. खिडकी त्या खोलीला नाहीच. नानांची खुर्ची हीटरशेजारी, अंगावर शाल. मी पलीकडच्या भिंतीला, टेबलाशी, त्यांच्याकडं पाठ करून.

तासभर छान गेला. वेरूळकडच्या एका गावची पेटी होती, तिचा भाता नवा करत होतो. डोकं थोडं जड झालं होतं, ते मी सरसाच्या वासावर ढकललं.

मग मागं "टक्" असा आवाज झाला आणि जाळीची सूं-सूं थांबली. वळून बघतो तर हीटर बंद. नॉब बंदवर. म्हटलं, आपणच नीट फिरवला नसेल. पुन्हा लावला.

थोड्या वेळानं पुन्हा टक्. पुन्हा नॉब बंदवर.

हा नॉब घट्ट होता. आधी दाबायचा, मग फिरवायचा. आपोआप फिरण्यातला नव्हे. नाना शालीत मान घालून बसले होते.

"नाना, हीटर कोण बंद करतंय?"

"थंडी वाजतीया... लाव," एवढंच ते म्हणाले.

लावला. आणि माझी ट्यूब पेटली. सुनंदा! पाकाचा सूड! मी पाठमोरा असताना ही पॅसेजच्या दारातून हळूच येते, हीटर बंद करते आणि जाते. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं असा पोरकटपणा कधी केला नव्हता. पण त्या घटकेला मला ते शंभर टक्के पटलं. आता वाटतं, डोकं तेव्हाच काम करेनासं झालं होतं.

तिसऱ्या वेळी माझे दोन्ही हात मनगटापर्यंत सरसात होते. भात्याची घडी धरून ठेवावी लागते, सोडली की उलगडते. आणि मागं... टक्.

मान वळवून पाहिलं. जाळी काळी पडत चाललेली. नॉब बंदवर. नाना खुर्चीत. पॅसेजचं दार बंद.

मला असा काही राग आला की विचारू नका. घडी धरेपर्यंत कसाबसा थांबलो. आता आधी हीटर लावायचा की आधी भांडायचं? मी आधी भांडायचं ठरवलं. आयुष्यातला माझा एवढाच एक निर्णय बरोबर निघाला आहे. फडक्याला हात पुसत दार ढकललं आणि थेट स्वयंपाकघरात गेलो.

"पाक बिघडला म्हणून म्हाताऱ्या माणसाला गारठवतेस व्हय?"

सुनंदाचे दोन्ही हात बाजरीच्या पिठात. "काय बोलताय? मी इथून हलले तरी का? तव्यावर भाकरी आहे माझी!"

मी पुढं काहीतरी जोरदार बोलणार होतो. तेवढ्यात मागच्या दारातून गार वारा तोंडावर आला आणि फरशी तिरपी झाली. मी ओट्याला धरून खाली बसलो, आणि बसल्याबसल्या एकच गोष्ट डोक्यात लख्ख झाली.

"नाना... आत नाना..."

पाय उचलायला गेलो, उचलेनात. त्या काही क्षणांइतका असहाय मी कधीच नव्हतो. सुनंदा पिठाच्या हातांनी पळाली. तिची हाक ऐकू आली, "नाना! ओ नाना!" आणि उत्तर आलं नाही. मग तिनं शटर वर फेकल्याचा आवाज, आणि "शकीलभाई! शकीलभाई, या हो लवकर!"

शकीलभाई आमचे शेजारी, फ्रिज-एसी दुरुस्त करतात. ते धावत आले आणि दोघांनी मिळून नानांना खुर्चीसकट ओढत बाहेर उन्हात आणलं. मी भिंत धरत पोहोचलो तेव्हा नानांची मान एका बाजूला पडली होती. सुनंदा त्यांचे गाल चोळत होती. दोन्ही गाल पिठानं पांढरे.

"नाना, डोळे उघडा. नाना!"

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. आधी सुनंदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काय झालं रं?" म्हणाले. मी रस्त्यावर बसून रडलो. गल्ली बघत होती, बघू दे म्हटलं.

दवाखान्यात दोघांनाही ऑक्सिजन लावला. बंद खोलीत गॅस जळला की विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, झोप लागते आणि माणूस उठत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मधे मधे बंद केलात म्हणून वाचलात," असंही म्हणाले. हीटर मधे मधे बंद होत होता, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.

घरी आल्यावर शकीलभाईंना म्हटलं, हीटर उघडून बघा. हवा खराब झाली की आपोआप बंद होणारे हीटर असतात म्हणे. त्यांनी अंगणात सगळे स्क्रू काढले, बराच वेळ डोकं आत घातलं.

"सर, इसमें वैसा कुछ नै है. सीधा नळी, सीधा बर्नर. और वो बंद हुआ भी तो आग बुझेगी, नॉब कैसे घुमेगा?"

"मग कोणी फिरवला?"

"आपच बोलो सर. आप अंदर थे," म्हणत ते हसले. मग हसायचे थांबले.

मी गणितासारखं मांडून बघितलं. नानांचा उजवा हात चालत नाही आणि दोघांनी धरल्याशिवाय ते उठत नाहीत. डावा हात नॉबपर्यंत पोहोचतो का, ते खुर्ची तिथंच ठेवून पाहिलं, नाही पोहोचत. सुनंदा भाकरीजवळ. उरलो मी, आणि मी तर भांडायला उठेपर्यंत खोलीबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. गुंगीत मीच बंद केला असेन आणि विसरलो असेन... माझा लौकिक पाहता हे सगळ्यात सोपं उत्तर. पण तिसऱ्या वेळी माझे हात सरसात होते. ढकललेल्या दाराला सरस लागला होता, ओट्याला लागला होता. नॉबला कणभरही नव्हता.

मग एकदा दुपारी उन्हात बसलेल्या नानांनाच विचारलं. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी पाढे विसरलोय.

"तूच की रं. लावायचा बी तूच, इझवायचा बी तूच. मी म्हणलं, ह्याचं डोस्कं फिरलं का काय."

"तिसऱ्यांदाही मीच?"

"व्हय. आलास, वाकलास, इझवलास. माझी शाल खांद्यावर घेतलीस नीट. मी म्हणलं लाव, तर नुसता बघत ऱ्हायलास माझ्याकडं."

"आणि टेबलापाशी कोण होतं नाना?"

नानांनी थोडा विचार केला. "तिकडं बी तूच व्हतास," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्यांच्याही डोक्यात तोच वायू गेला होता, हे मला कळतं. त्यांची साक्ष कुणी धरणार नाही, मीही धरत नाही. पण शाल नीट करणं हे आमच्या घरात सुनंदाचं काम, मला ते कधी सुचत नाही. नानांच्या आठवणीत मात्र ती मी नीट केली आहे, आणि ते त्यावर खूश आहेत. आता मी रोज करतो. हीटर भाच्याला परत दिला, सतरंजी फेकली, शटर कितीही थंडी असली तरी अर्धं वर असतं. बाकी, कोणी काय केलं याचं उत्तर माझ्याकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा.

हे सगळं लिहून सुनंदाला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही मी. त्या दिवशी भांडायला यायच्या आधी तुम्ही एकदा येऊन गेला होतात. दारात उभे होतात, काही न बोलता. मी पाकाच्या रागात होते, नजरेच्या कोपऱ्यातून दिसलात तरी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तेव्हा विचारायला पाहिजे होतं हो, काय पाहिजे म्हणून."