वय जास्त निघालं

हसनाबादचे आमचे गिरणीवाले दळण घेण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत, "पोरीला एक गणित घाला. बिलकुल अवघड." आपल्या पाचवीतल्या मुलीला त्यांना निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं होतं. उत्तर बरोबर आलं, की पिठाळ हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवत.

काल त्यांनी मला फॉर्म भरायला बोलावलं. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून त्यांचा माझ्यावर फार भरवसा. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख मोबाइलवर टाकली, तर वय परीक्षेच्या मर्यादेपेक्षा एका वर्षाने जास्त निघालं. फॉर्म पुढे जाईना.

"वय मीच जरा जास्तच वाढवून सांगितल्तं, सर. जल्दी शाळेत बसावी म्हणून." ते पोत्यावर बसले.

मुलीने आत डोकावलं. "भरला का, बाबा?"

"भरला," ते म्हणाले.

मी मोबाइल खिशात घातला.