डब्याच्या तळाची मूठ

माझी नात दुसरीत आहे, नातू पहिलीत. त्यांची आई चैत्रात गेली. बाप, म्हणजे माझा मुलगा, सुरतेला कामाला असतो. गणपतीला आला तेव्हा शाळेतल्या बाईंनी त्याला सांगितलं, पोरीची वजाबाकी चुकते, मागच्या चाचणीत ती नापास झाली आणि आता पुन्हा चाचणी आहे. घरी येऊन तो मला म्हणाला, "माय, या टाइमले बी नापास व्हयनी ते मी तिले सुरतले लई जासू. पोऱ्या राही तुन्हापाशी."

आई गेलेली, आता भावंडंही तोडायची. मला पटलं नाही. पण भांडून तो ऐकणारा नाही. मी चौथी शिकले आहे, बेरीज-वजाबाकी मला येते. मी मक्याचे दाणे घेऊन पोरीला बसवलं.

बेरीज बरोबर आली. आठातून तीन गेले, तेही बरोबर. सातातून सात काढ म्हटलं, तर तिने सहाच काढले आणि एक दाणा वाटीत ठेवला. बेचाळीसातून बारा गेले तर एकतीस लिहिलं. जिथे शून्य यायचं तिथे एक.

नातू हसला. "ताई, हाई ते आपला बोकडले बी समजस!"

"गप रे!" ती ओरडली. मग माझ्याकडे वळली. "मोठी माय, तूच सांगस ना, डबा खाली कराना नही."

खरं होतं. आमच्याकडे पिठाचा डबा पार रिकामा करत नाहीत. तळाला मूठभर ठेवून वर नवं पीठ ओततात. तिची आईही तसंच करायची.

"दाण्यांचं तसं नसतं," मी म्हटलं.

ती ऐकेना. शेवटी खाली बघत बोलली, "डबामा मम्मीनं पीठ शे."

तिच्या आईच्या मुठीवर मी कितीदा पीठ ओतलं होतं. त्यात आईचं काही उरलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. मग डबा काढला, तळाचं पीठ परातीत झटकलं आणि भाकरी थापल्या. दोघांना खायला घातलं. ती रडत जेवली. मी समजूत घातली नाही. डबा धुऊन तिच्यापुढे ठेवला.

"आत काय आहे?"

तिने हात घालून पाहिलं. "काहीच नही."

"ते लिही."

तिने पाटीवर शून्य काढलं.

चाचणीत एक बेरीज चुकली, वजाबाक्या सगळ्या बरोबर आल्या. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे मंग तठेच."

दळण आणलं, पीठ तिनेच डब्यात ओतलं. ते तळाला आलं तेव्हा मी तिला परातीत काढायला सांगितलं. तिने काढलं आणि मूठभर ठेवून झाकण लावलं. मी डबा उचलून जागेवर ठेवला.